रहांगडाले मॅडमचा गुरुवार

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी नोकरी होती, मग मोतीबिंदू झाला, मग वाटलं की आता कोणाला पडलंय. मागच्या महिन्यात एका तरुण डॉक्टरने फोन केला. त्याच्या कॉलेजात म्हणे माझ्या नावाची पद्धत चालते, आणि तिच्यावर मी चार शब्द लिहून द्यावेत अशी त्याची इच्छा होती. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या माझ्या घराच्या गच्चीवर जाऊन बसलो. ती पद्धत माझी नाही. ती डॉ. हेमलता रहांगडाले यांची. त्यांच्याबद्दलच लिहितो.

मी बालरोगतज्ज्ञ. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर गोंदिया जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात बालरोग विभागाचा प्रमुख म्हणून लागलो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष इमारतीचा नव्हता. एमबीबीएस झालेली मुलं तिथे तीन वर्षं राहून मुलांचे डॉक्टर होत. आम्ही त्यांना रेसिडेंट म्हणत असू. रहांगडाले मॅडम माझ्या हाताखाली असिस्टंट प्रोफेसर होत्या, वर्षावर्षाच्या करारावर.

पहिल्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते बाकावर. बाह्यरुग्ण विभागाबाहेर आया लेकरं घेऊन बसतात, त्या बाकावर दोन बायांच्या मधे त्या चेपून बसल्या होत्या. मांडीवर कोणाचं तरी पोर होतं आणि त्या त्याच्या कमरेचा करदोडा चाचपत होत्या. मला वाटलं, ही पण पेशंटचीच आई. उंची बेताची, सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ. मी आत जाऊन नर्सला विचारलं, "रहांगडाले डॉक्टर अजून आल्या नाहीत का?" नर्स हसायला लागली.

थोड्या वेळाने त्या आत आल्या, मला नमस्कार केला आणि माझ्या टायकडे बघत म्हणाल्या, "सर, या उन्हात गळ्याले फास कायले लावून राहिले?"

त्या अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या. पोवार घरातल्या, बाप धान लावणारा. सभेत, परीक्षेत त्या माझ्याइतकंच शुद्ध मराठी बोलत. पण बाकावर, आणि राग आला की, तिकडची झाडीबोली. त्यामुळे त्यांचा राग ओळखायला सोपा होता. माझ्याशी त्या बहुतेक वेळा झाडीबोलीच बोलत.

आमच्या भागात सिकलसेलची मुलं पुष्कळ. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो आणि जन्मभर राहतो. लहान मुलांत कधी कधी असं होतं की शरीरातलं रक्त अचानक प्लीहेत जाऊन साठतं. पोटात डाव्या बाजूला ही प्लीहा असते, ती काही तासांत फुगते, मूल पांढरं पडतं, आणि लगेच रक्त दिलं नाही तर हातचं जातं. या मुलांसाठी मॅडम दर गुरुवारी क्लिनिक चालवत. प्लीहा कशी चाचपायची हे त्या आयांना शिकवत. आणि ज्या बाईला बोटांनी समजत नसे तिला सांगत, "बोटं राहू दे. लेकराचा करदोडा पाह्यत जा वो. काल दोन बोटं जात होती न् आज एकही जात नाही, तं घरी थांबू नको. कोंबडं झाकाले थांबू नको. सरळ ये."

करदोडा सगळ्यांच्याच कमरेला असतो. गोंडाचं लेकरू असो की कुणब्याचं, पोवाराचं असो की गोंदियाच्या बाजारातल्या शेठचं. सकाळी आंघोळ घालताना आईचा हात तिथे जातोच. मॅडमनी त्याचा उपयोग करून घेतला, इतकंच. मी मात्र वॉर्डात आल्या आल्या नियम केला होता की दाखल झालेल्या मुलाचे दोरे, ताईत, करदोडे कापून टाकायचे. मळके असतात, त्वचेला जंतुसंसर्ग होतो. नियम चुकीचा नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, "सर, माझ्या गुरुवारच्या लेकरांचे नका कापू." मी म्हणालो होतो, बघू.

आता रोटेशनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं. मुलांचा डॉक्टर होताना रेसिडेंटला काही काळ एकेका अवयवाच्या तज्ज्ञाकडे काढावा लागतो. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, रक्त. काही रोटेशनं नागपूरला असत, रक्ताचं आमच्याकडेच, मॅडमच्या हाताखाली. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात नागपूरला गेलेला मुलगा दहा जणांच्या मागे टाचा उंचावून उभा राही आणि परत येऊन सांगे, "सर, बहुत कुछ देखा." काय पाहिलं विचारलं की गप्प. आणि इथल्या इथे रोटेशनवर असलेल्या मुलाला मी वॉर्डात ओढून आणी. वॉर्ड भरलेला, एका खाटेवर दोन लेकरं, सलाईन लावायला हात कमी. रोटेशनवरचा मुलगा म्हणजे मला मोकळा बसलेला मुलगा वाटे. सगळीकडे असंच करतात. मीही असाच शिकलो होतो.

मॅडम यावर माझ्याशी भांडल्या, आणि नुसत्या भांडल्या नाहीत तर एक पद्धत मांडली. रोटेशनवरच्या मुलाला वॉर्डात बोलवायचं नाही, वॉर्ड जळत असला तरी. पहिल्या आठवड्यात त्याने फाईल उघडायची नाही, आयांबरोबर बाकावर बसायचं. महिना संपला म्हणून मुलांशी संबंध संपत नाही, त्याला वर्षभरासाठी ठराविक लेकरं वाटून द्यायची आणि गुरुवारी ती आली की तो कुठेही असो, त्याने यायचं. नागपूरला जाणाऱ्याने जाण्याआधी ठरवायचं की आपल्याला काय येत नाही, आणि परत आल्यावर तेच बाकीच्यांना शिकवायचं. सभेत सगळ्यांनी मान डोलावली. मीही म्हणालो, उत्तम.

पुढच्याच गुरुवारी मी त्यांच्याकडच्या रेसिडेंटला वॉर्डात बोलावलं. त्या माझ्या खोलीत आल्या.

"सर, तुम्ही पोराले शिकाले पाठवता का उसना देता?"

"मॅडम, आज अकरा दाखल झालेत."

"उद्या बाराही होतील. तुम्ही कधी धानाचा रोवणा पाह्यला का? परहं रोवलं न् रोज उपटून पाह्यलं, जगलं का नाही म्हणून, तं लोंबी कुठून येईल?"

"मी नागपूरचा माणूस. मला भात ताटातच माहीत," मी म्हणालो.

त्या हसल्या. राग आलेला असतानाही हसू शकणारी ती बाई होती. "हे मात्र खरं बोलले," म्हणाल्या आणि गेल्या. असं अनेकदा झालं. दर वेळी मी पुढच्या वेळेचं वचन देत असे.

अंकित हा बालाघाटकडचा मुलगा. हुशार, हिंदी बोलणारा, जरा घाबरट. मॅडम त्याला बापू म्हणत. "बापू, कायले भेऊन राहिला? लेकराच्या पोटाले हात लाव, ते चावत नाही." तो म्हणे, "मॅडम, लेकरू नाही, उसकी माँ काटेगी." पावसाळा सरता सरता तो त्यांच्याकडे रोटेशनवर आला. तापाचे दिवस होते. पहिल्या गुरुवारी तो बाकावर बसला. नंतरचे सगळे गुरुवार मी त्याला वॉर्डात उभा ठेवला. मॅडम दोनदा येऊन सांगून गेल्या. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत, दारातून नुसत्या पाहून गेल्या.

मग विद्यापीठाच्या परीक्षेला परीक्षक म्हणून त्या नागपूरला गेल्या. रजा मीच मंजूर केली होती. त्या दिवशी दुपारी नवेगाव बांधच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक बाई दोन वर्षांची मुलगी घेऊन आली. नवरा वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर. मुलीचं नाव तनू. गुरुवारच्या मुलांपैकीच ती. बाईने आधी रहांगडाले बाईंना शोधलं, त्या नाहीत म्हटल्यावर वॉर्डात आली. अंकित तिथे होता, कारण मी त्याला तिथे ठेवलं होतं.

बाई म्हणाली, "डाक्टर, सिकलवाली आहे. करदोडा रुतून राहिला. बाईनं सांगतलं होतं, रुतला का सरळ ये."

हे मी ऐकलं. मी दोन खाटा पलीकडे उभा होतो. अंकितने पाहिलं, दोरा खरंच कातडीत रुतला होता. त्याने कात्री मागवली आणि दोरा कापला. "लो, अब ढीला हो गया," तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला. माझ्या वॉर्डाचा नियमच तो होता. मुलीला ताप होता, पोट फुगलं होतं, प्लीहा हाताला लागत होती. पण मलेरियाच्या आमच्या पट्ट्यात ती कितीतरी मुलांची लागते. त्याने मलेरियाचं औषध सुरू केलं, सलाईन लावलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. पुस्तकातला तो आजार त्याला पाठ होता, परीक्षेत त्याने त्यावर पानभर लिहिलं असतं. पण मॅडमच्या क्लिनिकात बाकीचे गुरुवार काढले असते तर त्या बाईचं वाक्य त्याला समजलं असतं. आणि मला? मी ते वाक्य ऐकलं आणि माझ्या मनात एवढंच आलं की चला, नियम पाळला जातोय.

दिवेलागणीपर्यंत तनू गेली. ती पांढरी पडल्यावर मागवलेली रक्ताची पिशवी आली तेव्हा नर्स चादर बदलत होती.

ट्रस्टने चौकशी लावली. बाहेरचे एक वयस्क डॉक्टर, एक विश्वस्त आणि एक वकील. मला आधी बोलावलं. वयस्क डॉक्टरांनी सरळ विचारलं, "हा रेसिडेंट रक्ताच्या रोटेशनवर होता म्हणता. मग त्याला हे ओळखता कसं आलं नाही? त्याचं शिक्षण झालं होतं का?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुमच्याकडची सगळी रोटेशनं अशीच का, आणि मग रेसिडेंटच्या जागांच्या मान्यतेचा प्रश्न, आणि माझा. मी म्हणालो, "महिनाभर तो रहांगडाले मॅडमच्या क्लिनिकमध्येच होता. शिकवण्याची जबाबदारी त्यांची होती."

मग त्यांना बोलावलं. मी खोलीतच बसून होतो. डॉक्टरांनी माझं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे बरोबर आहे का? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादा मुलगा तोंडी परीक्षेत चुकीचं उत्तर देत असताना त्या जशा थांबत, तो स्वतः दुरुस्त करेल म्हणून, तशा त्या थांबल्या. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिलो.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अंकित माझाच विद्यार्थी होता. त्याला शिकवणं माझ्याकडून झालं नाही."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. काय बोलायचं हे माहीत नव्हतं, म्हणून विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू, का त्या पोराचं रोटेशन झालंच नाही म्हणून? त्याचं वर्ष जाईल. त्याच्या मागच्या पोरांचंही जाईल. तो तसाही खाणं सोडून बसला आहे." मग त्या म्हणाल्या, "सर, एक काम करा. आता तरी कोणाले उपटू नका."

त्यांचा करार पुढच्या वर्षी झाला नाही. झाला नाही म्हणजे शिफारस मी करायची असते, ती मी केली नाही. चौकशीनंतर ते बरं दिसणार नाही, असं विश्वस्त म्हणाले आणि मी मान डोलावली. जाण्याआधी त्या तनूच्या गावी जाऊन आल्या, असं मला नर्सकडून कळलं. त्या बाईच्या ओसरीवर दिवसभर बसल्या म्हणे. संध्याकाळी बाईने यांना जेवायला वाढलं. मी त्या गावी कधी गेलो नाही.

त्यांनी सांगितलेलं एक काम मात्र मी केलं, आणि ते सांगताना मला जास्त लाज वाटते. त्या गेल्यावर मी त्यांची पद्धत अक्षरशः लागू केली. रोटेशनवरच्या मुलाला हात लावला नाही. आयांच्या बाकावर रेसिडेंट बसू लागले. वर्षभर वाटून दिलेली लेकरं, परत येऊन शिकवणं, सगळं. करदोडे कापायचा नियम मी काढून टाकला. दोन वर्षांत फरक दिसायला लागला. मग एका परिषदेत मी त्यावर भाषण केलं. लोक उठून भेटायला आले. कोणीतरी विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणालो, "वॉर्डात काम करता करता." इतर कॉलेजांनी ती पद्धत उचलली आणि तिला माझं नाव चिकटलं. मॅडमचं नाव मी त्या भाषणात एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर त्या का गेल्या हे विचारलं गेलं असतं.

त्यांनी अर्जुनीला छोटा दवाखाना काढला होता. आसपासच्या खेड्यांतून लोक येत. अंकित पुढे रक्ताच्याच आजारांचा तज्ज्ञ झाला आणि दर दिवाळीला त्यांच्याकडे जात असे. त्याला सगळं माहीत होतं, पण मला कधी बोलला नाही. एके दिवशी त्याचा फोन आला. "सर, मॅडम की तबीयत ठीक नहीं है. कॅन्सर आहे, पसरलाय. मिलना हो तो जल्दी जाइए."

मी गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघालो. रस्ताभर एक वाक्य मनात घोळवत होतो. त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, उशीला टेकून. केस गेलेले, डोक्याला रुमाल. मला पाहून म्हणाल्या, "अरे बाप्पा, सर! आणि टाय नाही? तब्येत बरी आहे ना?"

त्यांच्या वहिनीने चहा आणला. आम्ही बोललो. कोण रेसिडेंट कुठे आहे, कोणाचं लग्न झालं. मग त्यांनी विचारलं, "गुरुवार चालू आहे ना?"

"चालू आहे. आता कोणालाही वॉर्डात बोलवत नाहीत."

"झालं मंग," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका निवळला की मला वर बघवेना. तरी मी सुरुवात केली, "मॅडम, त्या चौकशीच्या वेळी..." आणि अडकलो.

त्या वाट बघत होत्या. वहिनी आत गेली होती. अंगणात आम्ही दोघंच. "बोला ना सर," त्या म्हणाल्या. "एवढ्या दूर काहीतरी बोलालेच आले ना तुम्ही."

मी म्हणालो, "नाही हो. सहज आलो होतो, तुम्हाला बघायला."

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

परतताना गाडीत मी स्वतःला समजावलं की त्या थकल्या होत्या, उगाच त्रास कशाला. पुढच्या वेळी बोलू. पुढची वेळ आली नाही. पंधरवड्यात अंकितचा निरोप आला. मी अंत्यविधीला गेलो नाही, पाय दुखत होता असं सांगितलं.

त्या तरुण डॉक्टरला मी पद्धतीवर चार शब्द लिहून दिले नाहीत. त्याऐवजी हे पाठवतो आहे. त्याने ते जसंच्या तसं छापावं. आणि त्या दिवशी अंगणात जे बोलायला मी गेलो होतो, ते असं होतं:

मॅडम, अंकित तुमच्या क्लिनिकमध्ये नव्हता. मी त्याला वॉर्डात उभा ठेवला होता. त्या बाईचं बोलणं मी ऐकलं होतं आणि मीही पुढे आलो नाही. चौकशीत मी खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्याकडे बघत थांबला होतात तेव्हा मला ते कळत होतं. मला माफ करा.